क्लच काढलेली गाडी

हाताचा गिअर भारी की ऑटोमॅटिक, हा तुमचा काथ्याकूट मी संध्याकाळपासून ऐकतोय. भांडा, भांडा. घड्याळाला विचाराल तर ऑटोमॅटिकच. दर खेपेला तोच वेळ, चूक म्हणून नाही. हाताच्या गिअरला मनगट लागतं. पण या वादाच्या आडून वेन्डेल हफ मिस्त्रीनं जे केलं ना, ते आठवलं की अजून माझं तोंड कडू होतं.

गेल्या वर्षी, ऑक्टोबरची सतरा तारीख. शुक्रवार. रात्री पावणेदहाला वेन्डेल आपल्या गॅरेजमधून कोल्बी रॅट्लिफची निळी गाडी घेऊन निघाला. काम साधंच होतं, गाडी इथं, आपल्या शर्यतीच्या पट्टीवर आणून लावायची. दुसऱ्या दिवशी कोल्बीच्या आठवणीची शर्यत होती. बावीस मैलांचा रस्ता, दोन्ही बाजूंना कापणी झालेला मका.

कोल्बी म्हणजे आपल्याच पट्टीवर वाढलेला पोरगा, सव्वीस वर्षांचा. हाताचा गिअर नसलेल्या गाडीला शिवायचा नाही. मे महिन्यात, शर्यत सुटायचा दिवा हिरवा झाला आणि त्याचा क्लच फुटला. तोफेच्या गोळ्यासारखा. लोखंडाचे तुकडे गाडीचा तळ फाडून वर आले आणि डावा पाय, पांढऱ्या मोज्यासकट, घोट्यापासून... असो. हॉस्पिटल गाठेपर्यंत तो राहिला नाही.

क्लचभोवती जाड पोलादी टोप बसवतात तो याचसाठी. कोल्बीची गाडी बांधली वेन्डेलनं, आणि तो बसवलाच नव्हता. भोकं जुळेनात, उशीर झालेला, म्हणाला असेल पुढच्या आठवड्यात बघू. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. उलट मयतीच्या जेवणात, तोंडात कोंबडीचा घास, ओठांना तूप लागलेलं, आणि कोल्बीच्या आईला म्हणतो कसा,

"लोरीनबाई, शंभरदा बजावलं होतं मी त्याला. क्लच माणूस खातो. ऑटोमॅटिक बसव म्हटलं, तर ऐकेल तो कोल्बी कसला!"

ती बिचारी म्हणाली, "मग तूच बसव रे बाबा. त्या गाडीनं आणखी कुणाचा लेक न्यायला नको."

आणि यानं बसवलं! वर दारावर कोल्बीचं नाव, आणि खाली, त्याच्या दुप्पट अक्षरांत, स्वतःच्या गॅरेजचं. थू!

तर निघाला. गाडी लोण्यासारखी पळत होती. दोनच पेडलं, डाव्या पायाला काम नाही. सहा मैल झाले आणि वास आला. जळक्या केसांसारखा. क्लच जळला की येतो तो. एकदा हुंगला की माणूस विसरत नाही. पण क्लच होताच कुठं?

त्यानं काच खाली केली. वास वाढला. आता त्यात आणखी काहीतरी मिसळलं होतं... खाटकाच्या दुकानामागच्या गटारातलं.

वळण घेऊन त्यानं गाडी पुन्हा दामटली.

धप्प.

पायाखाली, कुणी क्लच दाबावा तसं. मग गिअर बदलला.

"कोण आहे?" म्हणाला. मग स्वतःवरच खेकसला, "एकटाच आहेस, गाढवा."

पुढचं वळण. धप्प. मग गिअर.

हसू नकोस, डस्टिन. ऐक.

त्याचा डावा पाय ओला झाला. कोमट. काहीतरी चिकट बुटात उतरलं, बोटांच्या बेचक्यांत शिरलं. बुटात दाटी झाली. पाय उचलायला गेला. उचलेना. वरून कुणीतरी दाबत होतं. खाली सपाट पत्रा होता. तरी पाय खाली गेला... चार बोटं खाली.

तो अंगावरच ओकला. थांबला नाही. थांबायची छाती नव्हती.

"कोल्बी..."

"टोप... भोकं जुळत नव्हती रे."

धप्प.

सव्वादहाच्या सुमाराला त्यानं इथं पट्टीवरच्या माझ्या ट्रेलरचं दार ठोठावलं. शर्टभर ओकारी, घाणीचा भपकारा. आत आला आणि वाटेतली आणि टोपाची सगळी हकीगत सांगून मोकळा झाला. खोटं कशाला बोलू, मला कीव आली नाही. किळस आली.

"मला काय सांगतोस?" म्हटलं. "तिला सांग. आत्ता."

त्यानं फोन लावला. सांगितलं. लोरीनबाई म्हणाली, "गाडी आहे तिथंच राहू दे. तू पुन्हा तिला हात लावू नकोस." आणि फोन ठेवला. गॅरेज त्यानं त्याच महिन्यात बंद केलं. कुठं गेला, कुणी विचारलं नाही.

पण त्या रात्री फोन खाली ठेवून म्हणाला, "टॅकेट, माझा बूट काढ. माझ्यानं होत नाही."

नाडीला दुहेरी गाठ होती, सकाळची, चिखलानं वाळून दगड झालेली. सुटेना. मी सुरीनं कापली. बूट ओढला.

पायात दोन मोजे होते. आतला करडा, त्याचा स्वतःचा. त्यावर चढवलेला दुसरा... पांढरा, घोट्यापाशी कापून संपलेला.

मी बोट लावून पाहिलं.

अजून कोमट होता.