टेकडीवरच्या तीन वाट्या

"वर कोण चढणार?" देवानंदने विचारलं आणि स्वतःच दोन पावलं मागे सरला.

"वा रे शूर! मस्तगडाहून इथं फक्त आंबे खायला आलास काय?" कौसल्या म्हणाली.

देवानंद मे महिन्याच्या सुट्टीत जालन्यातल्या मस्तगडाहून भिवामामाकडे आला होता. भोकरदनपलीकडे, टेकडीच्या पायथ्याशी मामाचं गाव. कौसल्या मामाची थोरली, तेरा वर्षांची, आणि बेबीनंदा धाकटी.

टेकडीवर एका कंपनीने दिवाळीत लोखंडी खांब उभारला होता. टोकाला तीन वाट्या. त्या वाऱ्याने फिरायच्या आणि खालच्या पेटीत वाऱ्याचा वेग नोंदला जायचा. वारा भरपूर निघाला, तर इथे पवनचक्क्या येणार होत्या आणि कौसल्याच्या बाबांना, भिवाला, तिथे राखणदाराची नोकरी मिळणार होती. मग बाबांना आठ-आठ महिने सुरतेला बांधकामावर जावं लागणार नव्हतं. कौसल्या रोज उठून आधी टेकडीकडे बघायची! घरून वाट्या दिसायच्या नाहीत, नुसता खांब दिसायचा.

आणि आज कंपनीचे साहेब जीप आणि माणसं घेऊन आले, ते खांब काढायलाच! "इथं वाराच नाही," असं सांगून ते पारावर चहा प्यायला बसले होते. तेवढ्यात तिघं पळत टेकडीवर खांबाखाली आली होती.

"वारा न्हाई? मंग माझा फ्रॉक कोण ओढून राह्यलं?" बेबीनंदा ओरडली.

"वर बघा! एवढ्या वाऱ्यात वाट्या हलतसुद्धा नाहीत!" देवानंद म्हणाला.

कौसल्याने ओढणी कमरेला खोचली आणि ती चढू लागली. हात भाजत होते, खांब थरथरत होता. ती वर पोचली. वाट्या अंबाडीच्या दोरीने आवळून बांधल्या होत्या! गाठ दुहेरी, शेपूट आत खोचलेली. तिच्या तुटक्या दप्तराला अगदी अशीच गाठ होती. बाबांनीच मारलेली.

दोरी रानात फेकून द्यावी, असं तिच्या मनात आलं. पण मग साहेबांना पटणार कसं? तिने गाठ सोडली. वाट्या गरगरा फिरू लागल्या!

"फिरल्या! फिरल्या!" खाली दोघं नाचू लागली.

गावात येऊन तिने पारावर साहेबांपुढे दोरी ठेवली. "वाट्या बांधलेल्या होत्या, साहेब." कोणी बांधल्या, ते तिच्या तोंडून निघेना.

भिवा उठून उभा राहिला. "म्याच बांधल्या."

"आम्हीच धाडलं त्याला," म्हातारे रखमाजी म्हणाले. "ज्वारी उपणायची होती. सूप वर धरावं, तर भुसा पायाशीच पडायचा. वाट्या समदं वारं पिऊन राह्यल्या, असं वाटलं आम्हाला."

"आठ दिवसानं सोडणार होतो. मंग गहू आला उपणायला, मंग राहूनच गेलं," भिवा मान खाली घालून म्हणाला.

"साहेब, तुम्ही एकदा तरी वर पाहिलंत का?" देवानंदने चिडून विचारलं.

साहेबांनी कप खाली ठेवला. "आकडे ऑफिसात येत होते, बाळ. मी कागद पाहिले. पोरं हुशार आहेत हो तुमची! पण आता दुसरा डोंगर ठरला. सह्याही झाल्या."

"पण आता फिरून राह्यल्यात ना!" बेबीनंदा म्हणाली.

"दिसतंय," साहेब म्हणाले, आणि त्यांनी माणसांना बोल्ट सोडायला सांगितलं.

गावाने मुलांचं तोंडभरून कौतुक केलं. "आम्हा म्हाताऱ्यांपेक्षा पोरांना अक्कल जादा!" म्हणत रखमाजींनी तिघांच्या ओंजळी आंब्यांनी भरल्या. देवानंद दिवसभर तोऱ्यात हिंडला. कौसल्याने आंबा तोंडालाही लावला नाही.

तिसऱ्या दिवशी सुरतेला निघताना भिवाने अंथरुणाची वळकटी केली आणि त्याच दोरीने बांधली. तीच दुहेरी गाठ. फाट्यावर भाड्याची जीप आली, तेव्हा त्याने कौसल्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"कौसे, लई हुशार निघालीस तू."

"बाबा, दिवाळीला?"

"बघू."

जीप गेली. परतताना वारं एवढं सुटलं होतं, की कौसल्याला बेबीनंदाचा हात घट्ट धरून चालावं लागलं.