शेठच्या कोटाची मापं

पैज लागली ती मिशीवर. सकाळच्या दुसऱ्या चहाला, टेलरमास्तर आणि समोरचा सलूनवाला यांच्यात. शेठ जिवंत निघाला तर सलूनवाल्याने स्वतःची मिशी उडवायची, मेलेला निघाला तर मास्तरची जाणार. तीही भर चौकात, खुर्ची बाहेर मांडून.

"आठवडा झाला जहाज बुडून," सलूनवाला म्हणाला. "आता काय माशांकडे दाखला मागतोस?"

"तू नुसती दाढी करायचास त्याची. मी कोट शिवायचो. मला विचार तो काय चीज आहे."

चीज होतीच. बंदरावर जुने दोरखंड विकता विकता गडी सात जहाजांचा मालक झाला. गंजकी जहाजं घ्यायची, रंग फासायचा, दाबून विमा उतरवायचा. स्वतः त्यांच्यावर जन्मात पाय ठेवला नाही. आणि नेमका ह्याच फेरीला, सगळ्यात खिळखिळ्या जहाजावर चढला, हात हलवत! होडीतून आधीच सटकला असणार, असं अख्खी गल्ली म्हणत होती.

मास्तर तेच सगळ्यात मोठ्याने म्हणायचा. का, ते कुणी बोलत नसे, पण ठाऊक सगळ्यांना होतं. त्याच जहाजावर त्याचा धाकटा भाऊ आचारी होता. शेठ सटकला असेल तर धाकटाही सटकला असेल. एवढ्या एका खुंटीला मास्तरने जीव टांगून ठेवला होता.

तिसऱ्या दिवशी शेठाणीचा ड्रायव्हर शेठचा राखाडी कोट घेऊन आला. सोबत चिठ्ठी: छाती, पोट, गळा, सगळं चार-चार इंच सैल करा.

"बघ!" मास्तर रस्त्यापलीकडूनच ओरडला. "लपून बसलाय आणि चापून खातोय! मेलेल्याचं पोट सुटतं का रे?"

"शेठाणीने दुसरा बघितला असेल, जाडा!"

गल्ली खिदळली. मास्तरही हसला. पण कोट दमट होता. इस्त्री फिरवली तशी ती चरचरली आणि कॉलरवर पांढरा थर उमटला. मास्तरने बोट लावून जिभेला टेकवलं. खारट.

घाम असेल, त्याने ठरवून टाकलं.

महिन्याने तोच कोट परत आला. आता चिठ्ठीत होतं: आवळा. छाती बावीस.

शेठची छाती बेचाळीस होती. लिहिताना चूक झाली असेल म्हणून मास्तरने ड्रायव्हरला विचारलं. तो म्हणाला, "बाईसाहेबांनी दोनदा मोजलंय." आणि गाडी न वळवताच मागे घेत निघून गेला.

ह्या वेळी सलूनवाला हसला नाही. "मास्तर, सोड. मी अशीच देतो माझी मिशी."

"माप स्वतः घेतल्याशिवाय मी कात्री लावत नाही," मास्तर म्हणाला आणि टेप गळ्यात टाकून भर दुपारी बंगल्यावर गेला.

दार शेठाणीनेच उघडलं. घरात नोकरमाणूस नव्हतं. तिच्या बोटांची टोकं दिवसभर कपडे धुतल्यासारखी सुरकुतली होती.

"या. पण त्यांना फार बोलायला लावू नका."

गालिच्यात पाऊल रुतलं, पचकन आवाज झाला. खोलीचे पडदे ओढलेले. खुर्ची पाठमोरी.

"नमस्कार, शेठ."

न सांगताच दोन्ही हात वर झाले. शेठची जुनी सवय.

मास्तरचा जीव भांड्यात पडला. जिवंत! त्याने मागूनच टेप घातला. टेप छातीला टेकला नाही. आत गेला. अजून आत गेला.

बावीस.

टेपवरून गार पाणी ओघळत त्याच्या कोपरापर्यंत आलं.

"शेठ," त्याने टेप तसाच धरून विचारलं, "माझा धाकटा..."

एक बाही दाराकडे वळली.

दारामागून आवाज आला, "दादा, माझंही घे ना माप."

रविवारी मास्तर स्वतःहून चौकातल्या खुर्चीत येऊन बसला. गल्ली गोळा झाली, शिट्ट्या झाल्या.

"हरलास?"

"हरलो."

"म्हणजे शेठ दिसला नाही?"

"दिसला."

"अरे मग जिंकलास की, येड्या!"

"वस्तरा चालव."

सलूनवाल्याने कापड बांधायला त्याच्या गळ्यातला टेप काढला. रणरणत्या उन्हात तो टपटप गळत होता. त्याने आवाज खाली आणला. "आणि धाकटा?"

"कोट शिवायला घेतलाय त्याचा," मास्तर म्हणाला आणि मिशी पुढे केली. "छाती एकोणीस."