लाल दोऱ्याचं पिल्लू

"सुट्टी लागली की लोक बाहेरगावी जातात, आणि लोकांचे कुत्रे आमच्याकडे येतात," हातातला झाडू न थांबवता ठकी म्हणाली. "तेव्हा तुझी टेकडीवरची सहल विसर, आणि ती बादली उचल."

बादली उचलायची होती मास्तरला. मास्तर म्हणजे ठकीचा आतेभाऊ. वय तिच्याएवढंच, पण चष्मा आणि शिकवायची हौस यांमुळे सगळे त्याला मास्तरच म्हणत. तो काल संध्याकाळी सहलीचा नकाशा घेऊन सुट्टीसाठी आला होता, आणि आज सकाळपासून कुत्र्यांची ताटं घासत होता.

"पण दर सुट्टीत असंच?" मास्तरने विचारलं.

"दर सुट्टीत!" ठकीचा धाकटा भाऊ भोंगा ओरडला. तो साधं बोलला तरी पलीकडच्या रस्त्यावर ऐकू जाई. त्याचा आवाज ऐकून पिंजऱ्यांच्या रांगेतला पहिला कुत्रा भुंकला, मग दुसरा, मग सगळीच रांग.

ठकीच्या घरी राहायला ठेवलेल्या कुत्र्यांना 'पाहुणे' म्हणत. पाहुण्यांना सकाळी फिरवायचं, त्यांच्या खोल्या धुवायच्या, खाऊ घालायचं, अंग विंचरायचं, की पुन्हा फिरवायची वेळ. त्यातच दुष्काळात तेरावा महिना म्हणून बाबांचा पाय मोडला होता. एका आडदांड पाहुण्याला मांजर दिसलं, पट्टा बाबांच्या हातात होता, आणि पायरी मध्ये आली. आता बाबा प्लास्टर घालून खिडकीजवळ पडल्या पडल्या शिट्टी वाजवून हुकूम सोडत. उंटावरून शेळ्या हाकणं ठकीने नुसतं पुस्तकात वाचलं होतं. खाटेवरून कुत्रे हाकणं ती रोज बघत होती.

बाबांची कामं आई आणि काकांनी वाटून घेतली होती. आई तर गमबूट घालूनच जेवायला बसे आणि घास हातात धरूनच पेंगत असे. तिच्याशी बोलायचं तरी आधी दोनदा विचार करावा लागे.

घराच्या मागच्या बाजूला 'बाळंतिणीची खोली' होती. तिथे घरची कुत्री बेगम आपली पिल्लं घेऊन होती. सगळी बदामी रंगाची, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं अशी. म्हणून प्रत्येकाच्या गळ्यात रंगीत लोकरीचा दोरा होता: पांढरा, पिवळा, निळा, लाल आणि हिरवा. पिल्लांना नाव मात्र ठेवायचं नाही, हा बाबांचा कडक नियम. "नाव ठेवलं की जीव गुंततो," ते म्हणत, "आणि जीव गुंतला की पिल्लू न्यायला येणाऱ्या भल्या माणसाला आपण उगाच नावं ठेवत बसतो."

लाल आणि हिरवा हे दोघं शेवटी जन्मलेले, इतरांपेक्षा लहान. त्यातला लाल आजारी होता. त्याचं पोट बिघडलेलं, अंग गार पडायचं. डॉक्टरांनी त्याला थेंब दिले होते आणि वर बाटलीने दूध पाजायला सांगितलं होतं. आई रोज न चुकता ते करत होती, तरी लाल दोऱ्याचं वजन एक दिवस चढे आणि दुसऱ्या दिवशी घसरे. आजही तेच झालं होतं.

"काल उतरला होता, आज चढला, उद्या परत उतरेल," काट्यावरून पिल्लू उचलत आई म्हणाली. तिचा आवाज इतका थकलेला होता की चिडायचं त्राणही त्यात नव्हतं. "संध्याकाळी डॉक्टर यायचेत. औषध घेऊनही वजन टिकत नसेल तर त्याचे हाल करू नका, असं ते मागेच म्हणाले होते. मीही हात टेकले बाई. आज शेवटचं काय ते ठरवून टाकू."

आई थेंब पाजून पाहुण्यांकडे गेली. ठकी मात्र तिथेच उभी राहिली. हाल करू नका म्हणजे काय, हे कुत्र्यांच्या घरातल्या मुलीला समजावून सांगावं लागत नाही. तिने लाल दोऱ्याच्या पिल्लाला जवळ घेतलं, त्याचा मागचा उजवा पाय हळूच उलटा केला, आणि ती बघतच राहिली.

"अरे, हा खडू नाही!"

"खडू कोण?" मास्तरने विचारलं.

ठकीने दार लावून घेतलं. मग तिने कबूल केलं. लाल दोऱ्याच्या पिल्लाचं नाव तिने पहिल्याच दिवशी ठेवलं होतं. सगळ्या पिल्लांची नखं काळी, पण त्याच्या मागच्या उजव्या पायाचं एक नख पांढरंशुभ्र होतं, खडूच्या तुकड्यासारखं. म्हणून खडू. आणि हातातल्या पिल्लाची सगळी नखं काळी कुळकुळीत होती.

भोंग्याने पिल्लांच्या पेटीत वाकून एकेक पाय तपासला. पांढरं नख सापडलं ते हिरव्या दोऱ्याच्या पायाला. तो बेगमच्या पाठीमागे निपचित पडला होता.

"म्हणजे आत्ताचं औषध खऱ्या हिरव्याला गेलं!" भोंगा म्हणाला. त्याला कुजबुजता येत नसे, म्हणून ठकीने त्याच्या तोंडावर हात ठेवला.

"टोळी असणार," मास्तर चष्मा सावरत म्हणाला. "पिल्लांची अदलाबदल करणारी. आधी दोरे बदलायचे, मग पिल्लं पळवायची."

"टोळी आजारी पिल्लू कशाला पळवेल रे? आणि आईला आत्ताच सांगू या ना," भोंगा म्हणाला.

ठकीने मान हलवली. नियम मोडल्याची बोलणी खायला तिची तयारी होती. पण नुसत्या नखाच्या गोष्टीवर आई विश्वास ठेवेल असं तिला वाटेना. आई म्हणाली असती, तूच खेळता खेळता दोरे बदलले असशील. मग उरलंसुरलंही ऐकून घेतलं नसतं.

"आधी कोण बदलतंय ते शोधू," ती म्हणाली.

तिने दोरे सोडून ज्याचे त्याच्या गळ्यात बांधले, खडूला थेंब दिले आणि बाटलीही पाजली. खडू दोन घोट प्यायला आणि दमून झोपला. मग तिघं खाण्याच्या पोत्यांमागे दबा धरून बसले. बसणं कसलं, भोंग्याला पोत्याला टेकल्या टेकल्या डुलकी लागली. ठकीचेही डोळे मिटत होते. डोळ्यांत तेल घालून पहारा करणारी मुलं गोष्टीत असतात. त्यांना बहुतेक सकाळी पाहुणे फिरवावे लागत नाहीत.

टोळी आली नाही. काका आले.

काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. ते गुणगुणत आले, पिल्लं उचलून टोपलीत ठेवली आणि पेटीतलं ओलं अंथरूण काढलं. पिल्लांचे दुधाने चिकट झालेले दोरे त्यांनी सगळे एकदम सोडले, धुतले, पिळले आणि तारेवर वाळत टाकले. मग खोली पुसली, जांभया दिल्या, आणि वाळलेले दोरे परत बांधायला बसले. सगळ्यात मोठ्याला पांढरा, कपाळावर भोवरा असलेल्याला पिवळा, नाकावर ओरखडा असलेल्याला निळा, हे त्यांनी झटपट केलं. उरले दोन दोरे आणि दोन पिल्लं. काका थांबले. एक दोरा उचलला, खिडकीशी धरला, खाली ठेवला. दुसरा उचलला. मग कोणी बघत नाही ना असं इकडेतिकडे पाहून त्यांनी दोन्ही बांधून टाकले.

ते गेल्यावर ठकीने धावत जाऊन पाय पाहिला. पांढरं नख हिरव्या दोऱ्याखाली होतं.

"काकांनी मुद्दाम केलं?" भोंग्याचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला. काका त्याचे फार लाडके.

"मुद्दाम करणारा माणूस दोरा उजेडात धरून कशाला बघेल?" मास्तर विचारात पडला. "माझ्या वर्गात एक मुलगा आहे. त्याला पिकलेला टोमॅटो आणि कच्चा टोमॅटो सारखेच दिसतात." तो एकदम ताठ बसला. "लोकरीची पेटी कुठाय? हिरव्या लोकरीचे दोन तुकडे द्या."

काका कोठीघरात पट्ट्यांना तेल लावत बसले होते. मास्तरने त्यांच्यापुढे दोन्ही तुकडे ठेवले आणि साळसूदपणे म्हणाला, "काका, घाईत आहे हो. यातला लाल तेवढा द्या ना."

काकांनी क्षणभर पाहिलं, आणि ठामपणे डावीकडचा तुकडा पुढे केला. "हा घे."

काकांनी तिघांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं, मग हातातल्या तुकड्याकडे.

"दोन्ही हिरवे आहेत, काका," ठकी हळूच म्हणाली.

त्यांचं पितळ उघडं पडलं होतं, पण ठकीला त्याचा आनंद झाला नाही. काका एकदम म्हातारे दिसायला लागले.

"लहानपणी मी लाल झाडं काढली होती," ते म्हणाले. "सगळा वर्ग हसला. तेव्हापासून कुणाला सांगितलं नाही. दादाचा पाय मोडला, वहिनी उभ्या उभ्या झोपायला लागली. तेव्हा मला दोरे ओळखता येत नाहीत हे कुठल्या तोंडाने सांगणार? म्हटलं, दोघंही सारखीच तर आहेत. कधी बरोबर बांधत असेन, कधी चूक. त्याने एवढं काय बिघडतंय?"

मग ठकीने त्यांना काय बिघडतंय ते सांगितलं. औषध सांगितलं, दूध सांगितलं, आणि संध्याकाळी डॉक्टर कशासाठी येताहेत तेही सांगितलं. शेवटचं सांगताना तिला रडू आवरेना.

फाटकाशी गाडीचा आवाज झाला आणि पाहुण्यांची रांग भुंकायला लागली. काका उठले. "चला," ते म्हणाले. "माझ्या तोंडून मीच सांगतो."

बाळंतिणीच्या खोलीत डॉक्टर पिशवी उघडत होते आणि आई भिंतीला टेकून उभी होती. काकांनी मान खाली घालून सगळं सांगितलं. एकही शब्द गाळला नाही.

"पण तुम्हाला कळलं कसं?" आईने मुलांकडे वळून विचारलं. "पिल्लं तर मलाही ओळखू येत नाहीत."

आता ठकीची पाळी होती. तिने पिल्लू उचलून पांढरं नख दाखवलं. "याचं नाव खडू आहे. मी ठेवलं. पहिल्याच दिवशी."

आईने पिल्लू तिच्या हातून घेऊन डॉक्टरांपुढे धरलं. डॉक्टरांनी ते नख पाहिलं, पोट दाबून पाहिलं, कान लावला आणि हसले.

"म्हणजे या गड्याला औषध धड मिळालंच नाही. शेजाऱ्याच्याच पोटात गेलं, आणि वर याच्या दुधावर तो लठ्ठ होतोय. बरं झालं वेळेत कळलं. आता नेमाने द्या आणि मग बोलू. पोरांनो, माझी पिशवी मी उघडली होती रे. ती तुम्ही बंद करायला लावलीत." त्यांनी तिघांच्या पाठीवर थाप मारली. मास्तरचा चष्मा त्या थापेने खाली पडला.

बाबांनी खिडकीतून सगळं ऐकलं होतं. शिट्टी न वाजवता त्यांनी ठकीला हाक मारली. आता नियम मोडल्याबद्दल खरडपट्टी निघणार म्हणून ती गेली, तर बाबा म्हणाले, "मी सगळी पिल्लं दोऱ्यावरून ओळखायचो. तू पिल्लावरून ओळखलंस. शाबास पोरी." मग म्हणाले, "दुसऱ्या पिल्लांचीही नखं बघून ठेव."

काकांनी दोऱ्यांवर स्वतःच उपाय काढला. लाल दोऱ्याला एक गाठ, हिरव्याला दोन, आणि पांढरं नख दिसलं की एका गाठीचा दोरा. आता ते डोळे मिटूनसुद्धा दोरे ओळखत, आणि भोंगा डोळ्यांवर रुमाल बांधून त्यांची परीक्षा घेई. सगळी कामं तेवढीच होती. ताटं तेवढीच, पाहुणे तेवढेच, आणि मास्तरचा नकाशा अजून पिशवीतच होता.

पण खडू रोज प्यायला लागला. आधी बाटलीला नुसता चिकटून राहायचा, मग ओढायला लागला, आणि एका दुपारी हिरव्याला ढकलून बेगमपाशी स्वतःची जागा करून बसला. आईने त्याला काट्यावर ठेवलं. तिने काटा पाहिला, पुसला आणि परत पाहिला.

"वाढलाय," ती म्हणाली. "सलग वाढतोय."

आणि ती तिथेच जमिनीवर बसली. ठकीला वाटलं, आईला चक्कर आली. पण आई रडत होती.

"मी त्याची आशाच सोडली होती गं," ती म्हणाली. "मला तेव्हा वाईटसुद्धा वाटलं नव्हतं. एक काम कमी होईल, एवढंच मनात आलं होतं."

ठकी त्या दिवशी आईवर मनातून फार चिडली होती. तो राग तिने कुणाला दाखवला नव्हता, पण तो होता. आता आईकडे बघताना तो कुठे गेला ते तिलाच कळेना.

"तू दमली होतीस, आई," ती म्हणाली. "जा, झोप जा. दुपारचं खाणं आम्ही घालतो."

"तुम्हाला जमेल?"

"काका आहेत, मास्तर आहे. आणि भोंग्याला मी गप्प बसवते."

आई नाही म्हणेल असं ठकीला वाटलं होतं. आई नेहमी नाहीच म्हणत असे. पण ती भिंतीला धरून उठली आणि आत गेली.

तिघांनी ताटं भरली, पाणी बदललं, सगळ्यांना खाऊ घातलं. पाहुणे नेहमीसारखे भुंकले. काम आटोपल्यावर ठकी आणि भोंगा पाय न वाजवता आत डोकावले. आई पलंगावर आडवी पडली होती, पायांतले गमबूट तसेच. एवढ्या गोंगाटातही तिला जाग आली नव्हती.

भोंग्याने तोंड उघडलं, मग स्वतःच मिटलं. एक बूट त्याने हळूहळू ओढून काढला, दुसरा ठकीने. मग दोघं दार लोटून बाहेर आले आणि बूट धुवायला नळावर गेले.