लंघनाचा अनुस्वार

मी हरिश्चंद्राला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो उलटा होता.

डोकं चटईवर, पाय आमच्या पडवीच्या भिंतीला, तोंड पिकल्या रातांब्यासारखं लाल. शेजारी उभे राहून आप्पा – म्हणजे माझे वडील, रत्नागिरीचे भिकाजी वैद्य – त्याच्यावर ओरडत होते, "मन शांत ठेव. शांत म्हणतो ना मी."

शरीर आणि मन ही एका तराजूची दोन पारडी, असं आप्पांचं म्हणणं. एक जड झालं की माणूस कलंडतो. म्हणून सकाळी आसनं, मग काढा, आणि सगळ्यावर पथ्य. या नव्या रोग्याला झोप नव्हती, भूक नव्हती, छातीत धडधड होती. "वात उंडारलाय," आप्पांनी निदान केलं होतं.

मी सुंठ निवडायला सूप घेऊन पडवीत आले, आणि नेमकी त्याच्या सदऱ्याच्या खिशातून कागदाची पुडी पडली. उघडली. आत तळलेला बांगडा.

भूक नव्हती म्हणे.

आप्पा वळायच्या आत मी सुंठेसकट सूप बांगड्यावर ठेवलं.

"कसला वास येतोय गो?" आप्पांनी हुंगत विचारलं.

"सुंठीचा."

उलट्या माणसाने माझ्याकडे बघून हसू आणलं. उलटं हसू रडण्यासारखं दिसतं, हे मला त्या दिवशी कळलं. आणि तरीही... गोड दिसत होतं.

आप्पा आत गेल्यावर तो सरळ झाला. सरळही बरा होता.

"उपकार झाले. बांगडा परत मिळेल का?"

"मांजरीला देणार."

"तिला पथ्य नाही वाटतं?"

"तिला झोप लागते."

मग तो रोज कचेरीत जायच्या आधी येऊ लागला. कचेरीत त्याचं काम एकच, जुने मोडी कागद वाचायचे आणि बाळबोधीत उतरवायचे. आमच्याकडे मात्र त्याची कामं अनेक. एका नाकपुडीत पाणी घालून दुसरीतून काढायचं, अशी नेती आप्पांनी त्याला शिकवली. ते पाणी दुसरीतून न येता शिंकेबरोबर आप्पांच्या चष्म्यावर गेलं. मी आत जाऊन पदरात तोंड घालून हसले. परत आले तर तो माझ्याच वाटेकडे डोळे लावून बसलेला.

"हे चूर्ण कशाबरोबर घ्यायचं?" त्याने एकदा विचारलं. मी खलत होते.

"मधाबरोबर. त्याला अनुपान म्हणतात. ते चुकलं की औषध वाया."

"आणि मध नसला, नुसतं तुम्ही समोर खलत बसलेल्या असताना घेतलं तर?"

"असलं अनुपान ग्रंथात नाही."

"ग्रंथ फार जुने झाले हो..."

त्या दिवशी मी सुंठ इतकी बारीक केली, की फुंकरीसरशी निम्मी उडून गेली.

पण महिना झाला तरी त्याची धडधड काही थांबेना. आप्पांनी वैतागून चिठ्ठी लिहून दिली. 'ताबडतोब लंघन करावे. टाळाटाळ केल्यास वात डोक्यात जाईल.' लंघन म्हणजे उपास. तीन दिवस नुसतं कोमट पाणी. आप्पा मोडीत लिहीत. त्यांच्या मोडीत अनुस्वार कधी पडत नसे, आणि ग आणि घ हे जुळे भाऊ. पण कुणी त्यांच्या अक्षराला नाव ठेवलं की तराजूची दोन्ही पारडी डोक्यावर यायची.

चिठ्ठी दिल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी हरिश्चंद्र पडवीत उलटा झाला होता, तेवढ्यात त्याच्या आई, आनंदीबाई, शहाळी घेऊन आमच्या ओटीवर आल्या. मी स्वयंपाकघरात दाराआड खलत होते.

"वैद्यबुवा, तुमचा शब्द खाली पडू द्यायचा नाही. तुम्ही लिहिलंत तसं करायचं ठरवलं."

"उत्तम. तीन दिवस पुरे."

"तीन दिवस? अहो, जन्मभराचं असतं ते."

"जन्मभर केलं तर मरेल तो. चौथ्या दिवशी पेज द्या आणि सोडा."

आनंदीबाईंचं शहाळं हातातच राहिलं. "सोडा?"

"मग पुढच्या वर्षी पुन्हा. दरवर्षी केलेलं बरं. घरातल्या बाकीच्यांनीही करावं. तुम्हीसुद्धा करा. या वयात फार मानवतं."

"वैद्यबुवा, माझा नवरा मुंबईस धडधाकट आहे."

"त्यांना तिकडे करू दे."

आनंदीबाई मटकन खाली बसल्या. "आणि मी मेली गुरुवारच्या बोटीने आंजर्ल्यास मुलगी बघायला निघालेय."

माझा बत्ता थांबला.

आंजर्ल्याची मुलगी. गुरुवारी. म्हणजे परवा.

आप्पांच्या अक्षरातली चूक परक्यांसमोर दाखवायची म्हणजे काय, ते मला माहीत होतं. पण परवाच्या बोटीपुढे आप्पांचा राग मला लहान वाटला. मी बाहेर गेले.

"मावशी, ते लग्न नाही. लंघन आहे. उपास. आप्पांच्या मोडीत..."

"माझ्या मोडीत काय?" आप्पा.

"...अनुस्वार लाजतो."

आप्पा लाल झाले. आनंदीबाई मात्र लगेच सावरल्या. "उपास तर उपास. बोटीवर करील. मुलगी बघायला काय हरकत आहे?"

संपलं सगळं. मी आत वळणार, इतक्यात एक गोष्ट डोक्यात आली आणि माझे पाय थांबले.

"मावशी, चिठ्ठी तुम्हाला वाचून कुणी दाखवली?"

"यानेच की."

"दिवसभर मोडी वाचणाऱ्या कारकुनाने?"

सगळे पडवीकडे वळले. हरिश्चंद्र अजून उलटाच होता. बहुतेक मुद्दाम.

"काय रे," आनंदीबाई उंबऱ्यात उभ्या राहिल्या, "काय वाचलंस तू?"

"लंघन."

"मग लग्न का म्हणालास? नाव हरिश्चंद्र ठेवलं आम्ही तुझं."

"लग्न म्हणालो आये... आंजर्लं कुठे म्हणालो? ते तूच काढलंस."

"मग कुठलं?"

हात डोक्याखाली गुंतलेले. त्याने उजव्या पायाचा अंगठा भिंतीपासून सोडवला, हवेत थोडा चाचपडला, आणि सरळ माझ्याकडे रोखला. तोल गेला. तो आप्पांच्या काढ्याच्या पातेल्यात बसला. काढा कोमट होता, एवढं नशीब.

मग आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. कधी नव्हे ते हळू आवाजात विचारलं, "तुझं काय म्हणणं, सगुणा?"

"मला... अपाय होणार नाही, आप्पा."

आनंदीबाईंनी शहाळं माझ्या हातात दिलं. "आंजर्ल्यास निरोप धाडते मग. बोटही लागायची मला."

"पण लंघन चुकायचं नाही," आप्पा म्हणाले. "अनुस्वार होता तो. मी घातला होता."

तीन दिवस त्याने खरोखर कोमट पाण्यावर काढले. चौथ्या सकाळी पडवीत मी त्याच्यापुढे पेज ठेवली, आणि शेजारी एक चिठ्ठी. माझ्या हातची, बाळबोधीत.

"'ताबडतोब लग्न करावे,'" तो सावकाश वाचत होता. "'टाळाटाळ केल्यास वात डोक्यात जाईल.' आणि अनुपान? ते चुकलं तर औषध वाया ना?"

मी पेन्सिल घेतली. खाली तीनच अक्षरं लिहिली – सगुणा.

"आता नीट वाचा," मी म्हटलं. "अनुस्वार कुठेच नाही."

तो वाचत राहिला. तीन अक्षरांना किती वेळ लागतो माणसाला... मग त्याने पेजेच्या वाडग्याखालची केळीच्या पानाची पुडी उघडली, आणि त्याचे डोळे पाणावले.

"कसला वास येतोय गो?" आप्पांनी आतून विचारलं.

"सुंठीचा," आम्ही दोघं एकदम म्हणालो.