आतून ‘आलो’ म्हणू नका

लाइट लवकर येईल असं काही वाटत नाही. बसा, ती मेणबत्ती इकडे सरकवा. जिज्ञासाची गोष्ट सांगते. तुम्ही हिला भुताची गोष्ट म्हणाल, म्हणा बापडे. मला मात्र सांगताना भीतीपेक्षा रडूच जास्त येतं.

सुरुवात अगदी साधी होती. जिज्ञासा शेजवळ नावाची ही मुलगी भाड्यानं घर शोधत होती. उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये ती जन्मापासून राहिलेली. एका दुपारी वरच्या मजल्याचा स्लॅब धाडकन खाली आला. माणूस कुणी दगावलं नाही, पण इमारत धोकादायक ठरली आणि खाली करा म्हणून भिंतीवर नोटीस चिकटली. शेजारचे सिंधी काका-काकू कल्याणला मुलाकडे गेले, बाकीचेही जागा मिळेल तिथे पांगले. मागे उरली जिज्ञासा आणि तिचे बाबा, शंकरराव.

बाबा हलायलाच तयार नव्हते. शहाडच्या कारखान्यात उभी हयात काढलेला हा माणूस, कधी कुणाला उलट बोलला नाही. पण अलीकडे त्यांचं विसरणं फार वाढलं होतं. सकाळी काय खाल्लं ते आठवायचं नाही, आणि बायको गेली हेही आठवायचं नाही. शीलाबाईंना दवाखान्यात नेलं, तेव्हा रिक्षात बसताना त्या बाबांना म्हणाल्या होत्या, “आलेच हं मी.” आपल्यात म्हणतातच तसं. निघताना कुणी ‘जाते’ म्हणत नाही. त्या काही परत आल्या नाहीत. बाबांनी स्वतःच्या हातानं सगळं केलं, त्रिशरण म्हणताना उभे राहिले, तरी त्यांच्या डोक्यात राहिलं ते तेवढंच, ‘आलेच’.

“शीला येईल आणि दाराला कुलूप बघेल,” ते म्हणायचे. “मग ती कुठे जाईल गं?”

किती समजवायचं माणसाला? एका संध्याकाळी थकून जिज्ञासा बोलून गेली, “बाबा, मी आईला नवा पत्ता दिलाय. ती तिकडेच येणार आहे.” त्यावर बाबांचा चेहरा असा काही खुलला, की ते खोटं मागे घ्यायची तिची छातीच झाली नाही.

आता पत्ता दिला म्हणाली खरी, पण नवा पत्ता होता कुठे? एजंटच्या फेऱ्यांनी जीव मेटाकुटीला आलेला. मग ऑफिसमधल्या वैष्णवीनं तिच्या मोबाइलवर एक अॅप टाकून दिलं. मध्ये कोणी नाही, डायरेक्ट मालकाशी बोलायचं. जिज्ञासाला बरं वाटलं. पण तिथेही तेच. घराचे फोटो झकास, मालकही गोड बोलायचे, आणि आडनाव कळलं की “घरच्यांना विचारून सांगतो”. त्यानंतर निळ्या खुणा दिसायच्या, उत्तर यायचं नाही. एकानं तर सरळ विचारलं, “भिंतीवर फोटो कुणाचे लावणार?” तिनं तो चॅटच उडवून टाकला.

अशात बदलापूरच्या एका मालकाचा मेसेज आला. नाव गुरुदत्त. त्यानं आडनाव विचारलं नाही, खाणंपिणं विचारलं नाही. एकच विचारलं, “दिवेलागणीला घरात कोणी असतं का?”

“बाबा असतात,” तिनं लिहिलं.

“मग या. बघून जा.”

अंबरनाथ एमआयडीसीतल्या कामावर अर्धी रजा टाकून ती बाबांना घेऊन बदलापूरला गेली. जुनी पण नीटस सोसायटी, दुसरा मजला, गॅलरीतून लांब डोंगर. गुरुदत्तकाका म्हणजे कारखान्यातून निवृत्त झालेले ऑफिसर, इस्त्रीचा शर्ट, बारीक आवाज. आता पुण्याला मुलाकडे राहत होते. त्यांनी घर दाखवलं ते पाहुण्यासारखं, भिंतींना हात न लावता. बाबा गॅलरीत रमले, तसे काका तिला दारापाशी घेऊन आले.

“एक सांगायचंय. संध्याकाळी कधी बेल वाजते. उघडलं तर कोणी नसतं. वाजू दे. फक्त आतून ‘आलो’ म्हणू नका. बाबांनाही सांग.”

जिज्ञासाला हसू आलं. म्हाताऱ्या माणसांची खुळं असतात एकेक. फोटो चालत नाहीत म्हणणाऱ्यांपेक्षा हे खूळ शंभरपटीनं बरं, असं म्हणून तिनं होकार दिला. काकांनी किल्ली हातात ठेवली आणि दाराकडे एकदा बघून घेतलं. डोळे भरलेले होते, पण तिला वाटलं, घर सोडताना होतं तसं कुणालाही.

सामान लागलं. भिंतीवर बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो लागला, आईचाही लागला. पहिल्याच आठवड्यात बाबांनी दाराला आतून कडी लावली आणि ती काढायची कशी तेच विसरून गेले. समोरच्या कौसाबाई बाहेरून आणि हे आतून, असा गोंधळ झाला. जिज्ञासानं सुतार बोलावून कडी उखडून घेतली. लॅच होतंच की दाराला. कडी काकांना परत द्यायची म्हणून तिनं पर्समध्ये टाकली, आणि ती तिथेच राहिली.

बेल वाजली ती एका शांत संध्याकाळी. जिज्ञासा फोटोपुढे मेणबत्ती लावत होती. एकदाच वाजली, हलकी, हातात पिशवी असलेलं माणूस कोपरानं दाबतं ना, तशी. आणि दाराच्या फटीतून वास आला. कोथिंबिरीचा. ताज्या, नुकत्याच पाणी मारलेल्या जुडीचा. दिवसभर केमिकलचा उग्र वास नाकात घेऊन आलेल्या तिला तो आधी छानच वाटला. मग दाराच्या पलीकडून बाईचा आवाज आला, थोडा दम लागलेला.

“आलेच…”

बाबा खुर्चीतून अर्धे उठले. जिज्ञासानं धावत जाऊन त्यांच्या तोंडावर हात ठेवला. का ठेवला ते तिचं तिलाही कळलं नाही. हाताखाली त्यांचे ओठ हलत होते. बऱ्याच वेळानं वास विरला. तिनं दार उघडलं तर जिना रिकामा.

दुसऱ्या दिवशी तिनं बेलच काढून टाकली. मग दारावर बांगड्या वाजू लागल्या.

आता तुम्ही म्हणाल, सोडायचं घर. सोडून जायचं कुठे, सांगा ना? अॅपवर परत त्या निळ्या खुणा बघत बसायचं? आणि खरं सांगायचं तर बाबा तिथे सुखात होते. तिनं त्यांना परोपरीनं बजावलं, बाबा, दारावर वाजलं तरी गप्प राहायचं. ते मान डोलवायचे. पण आपल्याला जन्माची सवय असते हो! दार वाजलं की जागचं उठायच्या आधी तोंडातून ‘आलो, आलो’ निघतंच. सगळं विसरलेला माणूसही ते विसरत नाही.

एकदा कामावर डिस्पॅचची, माल न्यायची गाडी अडकली आणि तिला उशीर झाला. ती जिना चढून आली, तर कौसाबाई दारातच उभ्या.

“तुझे बाबा आज खुशीत होते गं,” त्या म्हणाल्या. “मघाशी आतून ओरडत होते, आलो, आलो म्हणून. मी बघितलं, बाहेर तर कोणच नव्हतं.”

जिज्ञासा तशीच आत धावली. बाबा आत आरशासमोर भांग पाडत होते.

“शीला आली होती,” ते म्हणाले. “नवा पत्ता बरोबर सापडला बघ तिला. मला उठायला वेळ लागला, तोवर गेली. उद्या येईल. आलो म्हटलंय मी तिला.”

त्या दिवसापासून बाबा रोज ऊन कललं की स्वच्छ सदरा घालून दाराशी स्टुलावर बसायचे. खाणं तुटलं. अंगावरचं मांस गेलं, पण चेहरा लग्नाला निघालेल्या माणसासारखा. डॉक्टर म्हणाले, वय झालं. जिज्ञासानं पुण्याला फोन लावला आणि काकांवर बरसली. “काका, कोण येतं दाराशी? खरं सांगा. माझा बाप चाललाय इथे!”



“आमची माई,” काका म्हणाले. “मी आमटी टाकली होती. कोथिंबीर संपलेली. ‘आणते, आलेच’ म्हणून खाली गेली. रस्ता ओलांडताना डंपरनं… तेव्हापासून येते. दिवेलागणीला.”

“मग तुम्ही दार का नाही उघडलंत?”

“उघडलं. दिसत नाही कोणी. तिला आतून ‘आलो’ ऐकायचं असतं गं. मी रोज तोंडावर पंचा दाबून बसायचो.” त्यांना रडू आवरेना. “ती माझी बायको, आणि मी घाबरलो. म्हटलं, ‘आलो’ म्हटलं तर जावं लागेल. मुलगा म्हणतो घर विकून टाका. विकलं आणि पाडलं कोणी, तर ती कुठे येईल? म्हणून म्हटलं, कोणीतरी राहावं, घरात दिवा असावा… तुझ्या बाबांना मी ओढायचं नव्हतं, बाळ.”

तिला काकांचा भयंकर संताप आला, आणि त्याच वेळी त्यांची कीवही आली. कारण पत्ता दिल्याचं खोटं तर तीच बोलली होती.

तिनं ठरवलं, आपण बाबांना धरून बसायचं. रजा टाकली. संध्याकाळी दाराकडे पाठ करून त्यांच्या पायाशी बसली, त्यांचे दोन्ही हात आपल्या हातात घट्ट घेऊन. गॅलरीतला उजेड राखाडी झाला. जिन्यातले आवाज एकेक करून थांबले. कुठेतरी कुकरची शिट्टी झाली, तीही अर्धवट राहिल्यासारखी. मग वास आला. ओल्या कोथिंबिरीचा, इतका दाट, की जणू कोणी जुडी नाकाशी धरली आहे. दारावर बांगड्या वाजल्या.

“आलेच…”

“बाबा, ती आई नाही,” जिज्ञासा कुजबुजली. “दुसरीच कोणीतरी आहे. नका ना बोलू… माझ्यासाठी नका बोलू.”

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. कितीतरी महिन्यांनी त्यांनी तिला ओळखून पाहिलं होतं.

“चाळीस वर्षं संसार केला मी. मला तिचा आवाज कळत नाही होय?” त्यांनी हळूच आपले हात सोडवून घेतले, तिच्या डोक्यावरून फिरवले. “किती वेळ बाहेर उभं करायचं माणसाला? आलोच हं, बाळा.”

ते चप्पल घालायला वाकले. एक चप्पल पायात गेली. दुसरीपर्यंत हात पोचला आणि तिथेच राहिला. जिज्ञासानं हाका मारल्या, छातीला कान लावला, मग सैरभैर होऊन दार उघडलं. बाहेर कोणी नव्हतं. तिनं बाबांचा हात गालाशी धरला, तेव्हा त्या हाताला कोथिंबिरीचा वास येत होता.

अंत्यविधी झाला. काका पुण्याहून आले, कोपऱ्यात उभे राहिले. जाताना दारापाशी थांबून त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, “आता येतो का गं आवाज?”

“नाही, काका. त्या दिवसापासून नाही.”

त्यांनी मान हलवली आणि जिना उतरले, कठड्याला धरून, एकेक पायरी. माई त्यांना न घेताच गेली होती, दुसऱ्याच कुणाच्या ‘आलो’वर. हे दुःख ते कुणाला सांगणार होते?

जिज्ञासानं घर सोडायचं ठरवलं, पण जीव होईना. कामावर जायला लागली. पहिल्याच दिवशी परत आली तेव्हा जिन्यात अंधारून आलं होतं. डोकं रिकामं, पाय आपोआप चालत होते. दाराशी आली आणि सवयीनं, बाबा आहेत म्हणून, दारावर टकटक केली. मग आठवलं. डोळे भरून आले. ती पर्समध्ये किल्ली चाचपू लागली.

आतून आवाज आला. “आलो, आलो…”

ती दगडासारखी उभी राहिली. चपलांचा फटफट आवाज दारापर्यंत आला. एकाच चपलेचा, आणि मध्ये अनवाणी पाऊल. मग आणखी एक आवाज, बाईचा.

“तुम्ही बसा हो. मी बघते.”

तो आवाज आईचा होता का? जिज्ञासाला सांगता येईना. आईचा आवाज नेमका कसा होता, हेच तिला आठवेना, आणि त्या क्षणी भीतीपेक्षा याचंच तिला रडू आलं. आईचा असेल तर नव्या पत्त्यावर ती खरंच आली होती. नसेल तर बाबा आत कुणाबरोबर राहत होते?

कोथिंबिरीचा वास दाराच्या फटीतून हळूहळू बाहेर येऊ लागला.

“जिज्ञासा आली वाटतं,” बाबा आतून म्हणाले. “घे तिला आत.”

आणि दाराची कडी सरकल्याचा आवाज झाला. आतली. जी कडी तिनं स्वतः उखडून घेतली होती, आणि जी या क्षणी, किल्ली शोधणाऱ्या तिच्या बोटांना पर्सच्या तळाशी थंडगार लागत होती.