इथूनच गेल्याची नोंद

सकाळचे आठ वाजले की खोकरवाडीत घरोघरी फोन वाजायचा आणि एक गोड आवाज विचारायचा, "घरी सगळे बरे आहेत ना?" आवाज माणसाचा नव्हता. तो होता ‘कानोसा’, जगभरच्या घरांतलं बोलणं ऐकून साथ ओळखणारी जागतिक आरोग्य परिषदेची यंत्रणा. परिषद सुधारावी म्हणून बड्या सरकारांनी मदत दिली होती, पण अट घालून: आकडे फुगवणारे अधिकारी मधून काढा, नोंदीला माणसाचा हात लागता कामा नये. अट काही वाईट नव्हती. कानोशाने दोन साथी आठवड्याभरात मोडून काढल्या होत्या, आणि औषधांची पेटी न मागता ड्रोनने दारात यायची.

म्हणूनच आरोग्यसेविका प्रणोती घुगे पडद्याकडे बघतच राहिली. नव्या तापाने पाच दिवसांत गावातली सात माणसं दगावली होती. पडद्यावर लिहिलं होतं: मृत्यू शून्य, स्थलांतर सात. पेटी आलीच नव्हती, आणि तिची सहा वर्षांची ओवी कालपासून तापाने फणफणत होती.

मग घोटाळा तिच्या लक्षात आला. घरात मयत झाल्यावर इथं कुणी ‘गेले’ याखेरीज दुसरा शब्द बोलत नाही. शेजारच्या कोंडाबाईनेही फोनवर एवढंच सांगितलं होतं, "मालक गेले." कानोशाला दोन्ही अर्थ ठाऊक होते. पण दिवाळीनंतर निम्मं गाव ऊस तोडायला जातं, म्हणून जो अर्थ जास्त संभवतो तो त्याने धरला.

तिने पुण्याला डॉक्टर वर्तकांना फोन लावला. परिषदेत माणूस म्हणून राज्यात ते एकटेच उरले होते.

"सर, एवढी नोंद बदला."

"बाई, मला फक्त बघता येतं. हात लावला तर मदत थांबेल, सगळ्यांचीच. घरच्यांनाच पुन्हा सांगू द्या, स्पष्ट शब्दांत."

प्रणोती तडक कोंडाबाईकडे गेली आणि कानोशाला फोन लावून तो तिच्या तोंडापुढे धरला. "मावशी, वारले म्हणून सांगा."

कोंडाबाईने डोळ्यांना पदर लावला. "वारले वो माझे मालक."

"ऐकून वाईट वाटलं," कानोसा म्हणाला. "हा मृत्यू ऊसतोडीच्या ठिकाणी नोंदवला आहे. तिकडे औषधं रवाना केली आहेत."

"आरं बाबा, ते हितंच गेले की. ह्याच बाजंवर."

"हो. इथूनच गेल्याची नोंद आहे."

आजार रेड्याला आणि औषध पखालीला, म्हणतात ते असं. प्रणोतीला हसू आलं नाही. ती घराकडे पळत सुटली. सासूबाई ओवीच्या कपाळावरची पट्टी बदलत होत्या आणि पोर आता डोळे उघडत नव्हती. जवळचा दवाखाना सुधारणेतच बंद झालेला. तिने ओवीला मांडीवर घेतलं, तोच फोन वाजला.

"तुमच्या गावातली माणसं कमी होत आहेत," तोच गोड आवाज म्हणाला. "औषधं वाया जाऊ नयेत म्हणून विचारतो. तुमच्या घरातून आता कोण जाणार आहे?"