भाजलेली माती

दिवाळीत किल्ला हवा म्हणजे हवाच, असं उल्काने ठरवलं होतं, आणि सहा वर्षांच्या लेकीने एकदा ठरवलं की मिशिगनमधल्या नोव्हायमध्येसुद्धा किल्ला होतो. अडचण होती मातीची. इथे दुकानात पिशवीतून मिळते ती कसली माती, नुसता भुसा! तट उभा करावा तर बसकण मारतो. म्हणून उल्काच्या आईने, वल्लरीने, आपल्या लॅबमधून माती आणली.

वल्लरी विद्यापीठात जुन्या जागांच्या मातीवर संशोधन करायची. सध्या तिच्याकडे जपानमधल्या एका मध्ययुगीन डोंगरी किल्ल्याची माती होती. नाव सांगत नाही, उगाच कशाला! त्याचे लाकडी वाडे केव्हाच गेले. उरलेत खंदक, मातीचे बांध आणि दगडी तटाचा एक कोपरा. ही माती त्या कोपऱ्याखालची. परदेशची माती इथे तशीच फेकू देत नाहीत, आधी भट्टीत भाजावी लागते. तपासण्या संपल्या होत्या, भाजूनही झाली होती, आता टाकूनच द्यायची. मग थोडी घरी नेली तर काय बिघडलं? भाजलेली माती म्हणजे मेलेली माती, असं तिचं म्हणणं.

गॅरेजमध्ये मायलेकींनी हुबेहूब तोच किल्ला उभा केला. राजस, म्हणजे वल्लरीचा नवरा, बघून हसला.

"अगं, महाराजांची ट्रान्सफर थेट जपानला?"

उल्काने वर महाराज बसवले, खाली मावळे लावले आणि उतारावर अळीव पेरले.

सकाळी बघतात तर तटाचा तोच कोपरा ढासळलेला. वल्लरीने लिंपला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. बाकीचा तट मात्र खणखणीत. आणि उल्का त्या कोपऱ्यापाशी उकिडवी बसून हळू आवाजात बोलायला लागली.

"कोणाशी बोलतेस गं?"

"शी इज स्मॉल, आई... शी इज स्केअर्ड अलोन."

जपानमधल्या त्या कोपऱ्याची गोष्ट वल्लरीला ठाऊक होती. तट काही केल्या उभा राहीना, तेव्हा म्हणे एका लहान मुलीला आत बसवलं आणि वर दगड रचले. अशा गोष्टी आपल्याकडच्या बुरुजांच्याही सांगतात, असं म्हणून ती लॅबमध्ये हसली होती. मातीत हाडाचा कणसुद्धा सापडला नव्हता. पण लॅबमध्ये हसणं निराळं आणि आपली पोर समोर बसलेली असताना निराळं.

"उद्याच मोडते मी हा किल्ला," ती राजसला म्हणाली.

"यार, सणासुदीला पोरीचं मन मोडू नकोस. भाऊबीज होऊ दे."

तिने ऐकलं. का ऐकलं, देव जाणे!

भाऊबीजेच्या संध्याकाळी ती पणती ठेवायला गॅरेजमध्ये गेली. हिवाळ्यासाठी घड्याळं तासभर मागे केल्यापासून लवकरच काळोख पडत होता. आत गारवा होता, आणि नुकत्याच खणलेल्या खड्ड्याचा ओलसर वास. अळीव छान तरारले होते. फक्त कोपऱ्यापाशी थोडी जागा उघडी राहिली होती.

पुरलेल्या गोष्टीवर गवत निराळं उगवतं; वरून पाहिलं की खाली काय आहे ते कळतं. विमानातून काढलेले असे कितीतरी फोटो वल्लरीने कामात वाचले होते. त्या उघड्या जागेचा आकार ओळखायला तिला दोनदा बघावं लागलं नाही. खाली घातलेलं डोकं... पाठीची कमान... पोटाशी घेतलेले गुडघे.

उल्का मागे येऊन उभी राहिली होती.

"आई, आय टोल्ड हर... आय विल सिट विथ हर."

"नाही! काही बसायचं नाही तुला!"

वल्लरीने पणती खाली टाकली आणि दोन्ही हातांनी किल्ला उकरला. आत काही नव्हतं. माती, नुसती माती. तिला रडूच फुटलं, आणि मग स्वतःचंच हसू आलं. उल्काला उचलून तिने आत नेलं, तिचे हातपाय धुतले आणि कुशीत घेऊन झोपवलं. पोरीचा श्वास ऐकत कधीतरी तिचाही डोळा लागला.

सकाळी उल्काला नीट पांघरूण घालून ती खाली आली. राजस चहा करत होता.

"गॅरेजमधली माती कुठंय? लॅबला परत न्यायचीय."

"टाकली की काल. मागे, घराच्या कोपऱ्यात, भिंतीला लागून. दिवाळी झाली की किल्ल्याची माती बागेतच टाकतात ना?"

खरंच होतं ते. लहानपणापासून दोघांनीही दरवर्षी हेच केलं होतं.

वल्लरी अनवाणीच मागच्या दारी धावली. रात्री दव गोठलं होतं आणि सगळं अंगण पांढरं झालं होतं. फक्त घराच्या कोपऱ्यात थोडं गवत हिरवं, ओलं दिसत होतं. डोकं, पाठ, पोटाशी घेतलेले गुडघे. आणि त्याला अगदी खेटून दुसरी आकृती उमटायला लागली होती. ती अजून पुरी झाली नव्हती. नुसती पावलं आणि पोटऱ्या.

वरून उल्काची हाक आली.

"आई... आय कान्ट फील माय फीट."